केंद्र सरकारचा भांडवली खर्च : चाळीस वर्षांचे आकडे एका रांगेत मांडता येतात का?

जमाखर्च (टिळकवाडी, बेळगाव)

केंद्र सरकारचा भांडवली खर्च (मालमत्ता, भागभांडवल आणि कर्जे यांवरचा खर्च) २०१३-१४ मध्ये १.८८ लाख कोटी रुपये होता आणि २०२४-२५ मध्ये तो साडेदहा लाख कोटींवर गेला, म्हणजे अकरा वर्षांत साडेपाच पटींहून अधिक वाढला, असे सध्या जो तो सांगतो. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांच्यामधली वाट मात्र सरळ नाही, आणि २०१३-१४ च्या मागे जाऊ लागलो की ती अधिकच वळणावळणाची होते. शासकीय लेखापरीक्षणाशी जन्मभर संबंध आलेला असल्यामुळे मला या आकड्यांची गोडी आहे; म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम किमतींची आणि अर्थव्यवस्थेच्या आकाराची बाब. २०१३-१४ मध्ये १.८८ लाख कोटी हे त्या वेळच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १.७ टक्के होते. २०१९-२० मध्ये खर्च ३.३६ लाख कोटींवर गेला, पण उत्पादनही दोनशे लाख कोटींच्या घरात गेलेले असल्यामुळे प्रमाण पुन्हा १.७ टक्केच राहिले. रुपयांत जवळजवळ ऐंशी टक्के वाढ झाली आणि प्रमाणात वाढ शून्य झाली, अशी ती सहा वर्षे आहेत. खरी चढण करोनानंतरची आहे : २०२०-२१ मध्ये ४.२६ लाख कोटी, २०२१-२२ मध्ये ५.९३, २०२२-२३ मध्ये ७.४०, २०२३-२४ मध्ये ९.४९. उत्पादनाशी असलेले प्रमाण या काळात तीन टक्क्यांच्या वर गेले आणि तेथे स्थिरावले. २०२४-२५ साठी ११.११ लाख कोटींची तरतूद होती, पण निवडणुकीच्या वर्षात तेवढा खर्च झाला नाही. २०२५-२६ ची तरतूद ११.२१ लाख कोटी, म्हणजे आदल्या वर्षाच्या तरतुदीहून नाममात्र अधिक होती.

आता मागे जाऊ. १९९०-९१ मध्ये केंद्राचा भांडवली खर्च जेमतेम ३२ हजार कोटी होता, पण उत्पादनाच्या तुलनेत तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास भरतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर प्रमाण याहूनही अधिक होते. या हिशेबाने आजचे तीन टक्के हा उच्चांक नसून जुन्या पातळीच्या निम्म्यावर आलेली परतफेरी ठरते. माझा आक्षेप नेमका येथे आहे. १९९०-९१ चा आकडा आणि २०२४-२५ चा आकडा एकाच नावाने ओळखले जातात. त्यांच्या पोटातले जिन्नस वेगळे आहेत.

अर्थसंकल्पात भांडवली खर्च म्हणजे तीन गोष्टी एकत्र येतात : रस्ता, रूळ, युद्धनौका यांसारखी प्रत्यक्ष मालमत्ता, सार्वजनिक उपक्रमांच्या भागभांडवलात घातलेला पैसा, आणि राज्यांना व उपक्रमांना दिलेली कर्जे. १९९०-९१ च्या आकड्यातील निम्म्याहून अधिक रक्कम ही तिसऱ्या प्रकारची, म्हणजे कर्जांची होती. त्या काळी सर्वसाधारण राज्यांना योजनांसाठी मिळणारे केंद्रीय साहाय्य सत्तर टक्के कर्ज आणि तीस टक्के अनुदान अशा रूपात मिळे. कर्नाटकाने वा महाराष्ट्राने त्या पैशातून कालवा काढला, तर कालवा राज्याच्या हिशेबात दिसे आणि त्यासाठी दिलेले कर्ज केंद्राच्या भांडवली खर्चातही दिसे. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील बाराव्या वित्त आयोगाने ही पद्धत थांबवून राज्यांनी थेट बाजारातून कर्ज उभारावे अशी शिफारस केली, आणि २००५-०६ पासून केंद्राचा आकडा एकदम आकसला. त्या वर्षी केंद्राने गुंतवणूक सोडून दिली असे कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे. त्यातली बरीच घसरण ही वहीतल्या रकान्याची आहे.

जाणकारांनी यात भर घालावी.

निपाणीकर

जमाखर्च साहेब, धागा उत्तम आहे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. आपला मुद्दा मान्य करून एक दुसरी मोजपट्टी सुचवतो. अर्थसंकल्पातील खर्चाऐवजी राष्ट्रीय लेख्यांतील, म्हणजे देशाच्या उत्पादन-गुंतवणुकीच्या अधिकृत हिशेबातील, सार्वजनिक क्षेत्राची स्थिर भांडवल निर्मिती (वर्षभरात नव्याने उभी राहिलेली बांधकामे व यंत्रे) पाहिली, तर तीत केंद्र, राज्ये, स्थानिक संस्था आणि सरकारी कंपन्या सर्वच येतात आणि एकाने दुसऱ्याला दिलेले कर्ज दोनदा मोजले जात नाही. तिथेही चित्र असेच दिसते : १९८० च्या दशकाच्या मध्यावर सार्वजनिक गुंतवणूक उत्पादनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास होती आणि देशातील एकूण गुंतवणुकीत तिचा वाटा जवळजवळ निम्मा होता, पुढे पंधरा-वीस वर्षांत ती सात टक्क्यांच्या आसपास आली आणि वाटा चतुर्थांशाकडे सरकला. म्हणजे घसरण केवळ रकान्याची नव्हती, काही अंशी खरीही होती.

तिचे कारण विद्यार्थ्यांना मी असे सांगतो. १९९१ च्या संकटानंतर तूट कमी करणे भाग होते. पगार, व्याज, निवृत्तिवेतन आणि अनुदाने यांना हात लावणे कठीण असते. अपुऱ्या धरणाचे काम एक वर्ष पुढे ढकलले तर त्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात एकूण तुटीबरोबर महसुली तुटीवरही (पगार, व्याज, अनुदाने यांसारख्या चालू खर्चाला चालू उत्पन्न जितके कमी पडते तितक्या रकमेवर) मर्यादा घातली होती, ती याच खोडीला आळा घालण्यासाठी. ती मर्यादा वेळोवेळी पुढे ढकलली गेली आणि २०१८ मध्ये कायद्यातील महसुली तुटीचे लक्ष्यच काढून टाकण्यात आले, ही बाब या चर्चेत फारशी कोणी आणत नाही.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. ऐंशीच्या दशकातील त्या दहा टक्क्यांत पुढे आजारी पडलेल्या कितीतरी सरकारी कारखान्यांचे भांडवल होते. त्या काळच्या प्रमाणाची आज ओढ वाटत असेल, तर त्यातले धरण किती आणि तोट्यातला कारखाना किती हे विचारले पाहिजे.

लोंढा जंक्शन

रेल्वेत नोकरी झाली असल्यामुळे रेल्वेपुरते बोलतो.

रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७-१८ पासून केंद्राच्या मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण रेल्वेच्या बांधकामाला पैसा कुठून येतो हे बदलले ते त्यानंतर, आणि त्याचा परिणाम आपल्या आकड्यांवर अधिक झाला. पूर्वी केंद्राकडून मिळणारे साहाय्य मर्यादित असे. डबे, इंजिने आणि पुढे पुढे दुहेरीकरणाची व विद्युतीकरणाची कामेसुद्धा भारतीय रेल्वे वित्त महामंडळाने बाजारातून उभारलेल्या कर्जावर चालत. हा पैसा केंद्राच्या भांडवली खर्चात धरला जात नसे. करोनानंतर हे कर्ज कमी करत आणले गेले आणि त्याची जागा थेट अर्थसंकल्पीय साहाय्याने घेतली. २०२३-२४ मध्ये ते २.४० लाख कोटी आणि २०२५-२६ मध्ये २.५२ लाख कोटी ठेवले होते. रेल्वेवरील बांधकाम वाढले आहे यात शंका नाही. मिरज-लोंढा दुहेरीकरण आपण डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु केंद्राच्या वहीतील रेल्वेचा आकडा ज्या वेगाने वाढला, त्या वेगाने रूळ वाढले नाहीत, कारण त्यातील मोठा भाग पूर्वी दुसऱ्या वहीत लिहिला जात होता.

महामार्गांचेही तसेच आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण २०२१-२२ मध्ये पासष्ट हजार कोटींचे कर्ज स्वतःच्या नावावर उभारत होते. पुढच्या अर्थसंकल्पापासून ते थांबवून सगळा पैसा मंत्रालयामार्फत देण्यात आला आणि मंत्रालयाचा भांडवली खर्च त्याच वर्षी उडी मारून वर गेला.

जमाखर्च

लोंढा जंक्शन, आपण लिहिलेला मुद्दा माझ्या मते या धाग्याचा गाभा आहे. या बदलाचे मी स्वागतच करतो. महामंडळाच्या नावावरचे कर्ज शेवटी सरकारलाच फेडावे लागणार असेल, तर ते सरकारच्या वहीत दिसणे हेच प्रामाणिक. पण लपलेला खर्च उघड्यावर आणणे आणि नवा खर्च करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि २०२२ नंतरच्या वाढीत दोन्ही आहेत.

याशिवाय काही वर्षांत एखादीच मोठी रक्कम आकडा फुगवून जाते. २००७ मध्ये स्टेट बँकेतील रिझर्व्ह बँकेचे समभाग केंद्राने ३५,५३१ कोटींना विकत घेतले. एका सरकारी कपाटातून दुसऱ्या कपाटात गेलेले ते समभाग २००७-०८ च्या १.१८ लाख कोटींच्या भांडवली खर्चात बसले आहेत. ते वजा केले, तर त्या वर्षीचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर येते. २००३-०४ आणि २००४-०५ चे आकडे राज्यांच्या कर्ज-अदलाबदलीच्या (जुनी महाग कर्जे नव्या स्वस्त कर्जांनी फेडण्याच्या) योजनेमुळे असेच फुगलेले आहेत. २०२१-२२ च्या सुधारित अंदाजात एअर इंडियाची सरकारी हमी असलेली देणी भागवण्यासाठी जवळजवळ ५२ हजार कोटी होते. २०२२-२३ मध्ये बीएसएनएलसाठी ४४,७२० कोटींचे भांडवल ठेवले होते. त्याचे मनोरे तरी उभे राहिले, असे म्हणता येईल.

आलेख काढणाऱ्याने ही वर्षे वेगळ्या रंगात दाखवावीत, एवढीच विनंती.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांस नमस्कार. आपली चर्चा लाख कोटींची चालली आहे. मी शेतकरी आहे आणि माझा प्रश्न साधा आहे : बेळगाव-कित्तूर-धारवाड नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी मिळून वर्षे लोटली. मंजुरीच्या वेळी ७३ किलोमीटर आणि ९२७ कोटी असे सांगितले होते. देशाचा भांडवली खर्च जर याच काळात दुपटीहून वाढला, तर हा पैसा येथे का दिसला नाही?

गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, देसूर या बाजूच्या शेतकऱ्यांनी पिकाऊ जमिनीतून मार्ग नेऊ नये अशी भूमिका घेतली, हे आपण जाणता. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागातील भातजमिनीबाबत हेच घडले. आम्ही विकासाच्या आड येतो असे शहरातील लोक म्हणतात. तीन पिके देणारी जमीन एकदा गेली की ती कोणत्या हिशेबात वजा होते, हे जमाखर्च साहेबांनी सांगावे.

लोंढा जंक्शन

मलप्रभाकाठ, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. हा मार्ग निम्म्या-निम्म्या खर्चाच्या तत्त्वावर आहे. बांधकामाचा अर्धा खर्च राज्याने द्यायचा आणि जमीनही राज्याने विनामूल्य संपादन करून द्यायची, असा करार असतो. कर्नाटकात असे अनेक मार्ग आहेत. २०१०-११ मध्ये मंजूर झालेला बागलकोट-कुडची मार्ग त्यातलाच. १४२ किलोमीटरपैकी खज्जिडोणीपर्यंतचा तीस किलोमीटरचा तुकडा आधी झाला आणि पुढचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अशा मार्गाला दरवर्षी तरतूद दाखवली जाते. जमीन ताब्यात नसल्यामुळे ती खर्ची पडत नाही आणि वर्षाच्या शेवटी ज्या मार्गाचे काम वेगात चालू आहे तिकडे वळवली जाते. एकूण आकडा त्यामुळे पूर्ण होतो. रेल्वेचा पैसा जमीन मिळालेल्या ठिकाणी खर्च होतो, गरज असलेल्या ठिकाणी होईलच असे नाही.

जमाखर्च

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : ती कुठेच वजा होत नाही.

सरकारने जमिनीची भरपाई दिली की ती रक्कम अर्थसंकल्पात भांडवली खर्च म्हणून नोंदवली जाते. राष्ट्रीय लेखे ती भांडवल निर्मितीत धरत नाहीत, कारण जमीन नव्याने निर्माण झालेली नसते, तिचा मालक फक्त बदलतो. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाल्यावर ग्रामीण भागातील भरपाई बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकते. ही भरपाई न्याय्य आहे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण त्यामुळे महामार्गांच्या खर्चातील चांगला मोठा हिस्सा काँक्रीटकडे न जाता जमीनमालकांकडे जातो आणि निपाणीकरांची मोजपट्टी व माझी मोजपट्टी यांच्यातील अंतर वाढते. गेलेल्या भातपिकाची नोंद मात्र दोन्ही मोजपट्ट्यांत नाही.

टेंडरवाले

बांधकामाच्या धंद्यातला माणूस म्हणून दोन ओळी. सरकारी बांधकामाच्या कंत्राटांवरील जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला. शंभर रुपयांच्या कामाचे ११८ रुपये भांडवली खर्चात लिहिले जातात आणि वरच्या अठरांपैकी पुष्कळसे केंद्र व राज्य यांच्याच तिजोरीत परत येतात. कोणत्याही वर्षाची तुलना करताना हेही ध्यानात घ्यावे. बाकी मार्च महिन्यातील बिलांच्या गर्दीबद्दल न लिहिलेलेच बरे. एका विभागाकडे माझी रक्कम अडकलेली असताना त्याच विभागाचा खर्च कागदोपत्री शंभर टक्के झालेला मी पाहिलेला आहे.

निपाणीकर

राज्यांचा विषय निघालाच आहे, तर तो टाळू नये. देशातील सर्व राज्यांचा मिळून भांडवली खर्च केंद्राच्या खर्चाच्या जवळपास असतो, आणि आपल्या रोजच्या जगण्यातील पाटबंधारे, जिल्हा मार्ग, रुग्णालये हा सगळा राज्याचा प्रांत आहे. नवीलतीर्थाचे मलप्रभेवरील धरण १९७२ मध्ये पुरे झाले, घटप्रभेवरील हिडकलही सत्तरच्या दशकातलेच. बेळगाव जिल्ह्याची शेती बदलणारी ही दोन्ही कामे राज्याच्या वहीतली आहेत.

वहीबाहेरचे कर्ज ही युक्ती केंद्राने शोधलेली नाही. कर्नाटकाने १९९४ मध्ये कृष्णा भाग्य जल निगम काढला आणि रोख्यांतून पैसा उभारून अलमट्टी-नारायणपूरची कामे पुढे नेली. सीमेपलीकडे १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले आणि त्यानेही रोखेच विकले. कृष्णेच्या पाणीवाटपात आपापला वाटा मुदतीत अडवून दाखवण्याची घाई दोन्हीकडे होती. आपण सीमाभागातले लोक या दोन्ही राज्यांना एकमेकांविरुद्ध तोलत असतो, पण हिशेबाच्या बाबतीत ती सख्खी भावंडे शोभतात.

अलीकडचेही पाहा. कर्नाटकाच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात पाच हमी योजनांसाठी सुमारे ५२ हजार कोटी होते आणि महसुली तूट २७ हजार कोटींवर दाखवली होती. त्याच वर्षी महाराष्ट्राने लाडकी बहीण योजनेचा वार्षिक भार ४६ हजार कोटी सांगितला. वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा देशात सर्वप्रथम, २००२ मध्ये, कर्नाटकाने केला होता.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

निपाणीकर सर, हमी योजनांपैकी गृहलक्ष्मीचे दोन हजार आमच्या घरीही येतात. त्यातून मुलीच्या वसतिगृहाचे पैसे जातात. ती मुलगी शिकली तर त्याला भांडवल म्हणायचे नाही, आणि कोणी न वापरणारा बंगला बांधला तर त्याला म्हणायचे, ही व्याख्या मला पटत नाही.

निपाणीकर

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि अर्थशास्त्रातही तो जुना आहे. शिक्षकाचा पगार महसुली आणि शाळेची रिकामी इमारत भांडवली, हा भेद हिशेबाच्या सोयीचा आहे. त्यावरून कोणता खर्च उपयोगी हे ठरत नाही. बांधलेल्या रस्त्याची डागडुजीसुद्धा महसुली खर्चातच धरतात, त्यामुळे भांडवली खर्चाचे कौतुक जितके वाढते तितकी देखभाल उपेक्षित राहण्याची भीती असते. माझा रोख एवढाच होता की हमी योजनांचा पैसा चालू उत्पन्नातून यावा. त्यासाठी कर्ज काढावे लागले, तर ते फेडण्याच्या वर्षी पहिली कात्री पाटबंधाऱ्यांवरच चालते.

जमाखर्च

राज्यांसंबंधी एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत गमतीची वाटते. २०२०-२१ मध्ये केंद्राने राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देण्यास आरंभ केला. सुरुवात बारा हजार कोटींच्या योजनेने झाली. २०२२-२३ मध्ये तरतूद एक लाख कोटी, पुढच्या वर्षी १.३ लाख कोटी आणि त्यानंतर दीड लाख कोटी झाली. ही रक्कम केंद्राच्या भांडवली खर्चात धरली जाते आणि राज्य तिचा रस्ता बांधते तेव्हा राज्याच्या भांडवली खर्चातही धरली जाते. बाराव्या वित्त आयोगाने जे दार बंद केले, ते पंधरा वर्षांनी दुसऱ्या नावाने उघडले. केंद्राच्या साडेदहा-अकरा लाख कोटींतून हे दीड लाख कोटी बाजूला काढले, तर उत्पादनाशी असलेले प्रमाण पावणेतीन टक्क्यांच्या आसपास उरते. आणि केंद्र व राज्यांचे आकडे नुसते बेरजेने एकत्र करणाऱ्या लेखांत ते दोनदा येतात.

याच्या बरोबर उलटही घडते. केंद्र राज्यांना व पंचायतींना घरकुल, नळपाणी, ग्रामसडक यांसाठी जे अनुदान देते, ते केंद्राच्या वहीत महसुली असते, जरी त्यातून मालमत्ता उभी राहत असली तरी. २०२५-२६ मध्ये अशी अनुदाने ४.२७ लाख कोटींची होती. ती मिळवून अर्थमंत्रालय १५.४८ लाख कोटींचा 'परिणामकारक भांडवली खर्च' असा आकडा देते. दोन पक्षांचे दोन प्रवक्ते एकाच वर्षासाठी ११ आणि १५ असे दोन आकडे सांगताना दिसले, तर दोघेही खरे बोलत असू शकतात.

माझ्यापुरता निष्कर्ष असा. १९८७ ते २००५ पर्यंतची घसरण काही खरी, काही हिशेबाची. २००५ ते २०२० हा पठाराचा काळ, फुगलेली वर्षे वगळता उत्पादनाच्या साधारण दीड ते दोन टक्क्यांमधला. २०२० नंतरची वाढ खरी आहे, पण कर्ज वहीत आणल्यामुळे आणि राज्यांना पुन्हा कर्जे दिल्यामुळे ती आहे त्याहून उंच दिसते. २०२३-२४ नंतर प्रमाण पुढे सरकलेले नाही.

लोंढा जंक्शन

सहमत. मलप्रभाकाठ यांच्यासाठी शेवटी एक उपयोगाची माहिती : रेल्वेच्या प्रत्येक मार्गाची त्या वर्षीची तरतूद 'पिंक बुक' नावाच्या पुस्तिकेत छापली जाते आणि ती संकेतस्थळावर मिळते. नैर्ऋत्य रेल्वेच्या भागात 'नवे मार्ग' या मथळ्याखाली धारवाड-बेळगाव शोधावा. तेथे मंजूर खर्च, आजवर झालेला खर्च आणि चालू वर्षाची तरतूद असे रकाने असतात. त्यांतील 'आजवर झालेला खर्च' हा रकाना लागोपाठच्या वर्षांच्या पुस्तिकांत ताडून पाहावा. महामार्ग आणि रेल्वे महामंडळांनी बाहेरून उभारलेले कर्ज पाहायचे असेल, तर केंद्रीय अर्थसंकल्पाच्या 'एक्स्पेंडिचर प्रोफाइल' या खंडात उपक्रमांच्या अंतर्गत व बाह्य साधनांचे स्वतंत्र विवरणपत्र आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

आभारी आहे. पुतण्याकडून पुस्तिका उतरवून घेतो आणि रकान्यांतले आकडे येथेच लिहितो. भूसंपादनाचा राज्याचा हिस्सा कोणत्या पुस्तकात सापडेल, हेही कोणी सांगावे.

जमाखर्च

तो कर्नाटकाच्या अर्थसंकल्पाच्या मागण्यांच्या खंडांत मिळेल. रेल्वेसाठी द्यावयाचा वाटा पायाभूत सुविधा विकास खात्याच्या मागणीखाली पाहावा. खंड कन्नडमध्ये आणि इंग्रजीतही असतात. अडले तर येथे लिहा, आपण मिळून लावू.